वाचक विचारतात : कनान देशाची वाटणी

इस्राएलाच्या बारा वंशांना कनान देश वाटून दिला, त्या यहोशवाच्या पुस्तकातल्या जमीनवाटपाबद्दल आलेल्या पत्रांपैकी निवडक प्रश्न आणि त्यांची उत्तरे. नावे मराठी बायबलातल्या रूपांत दिली आहेत.

गणना २६ मध्ये पाठोपाठ दोन हुकूम येतात. एक म्हणतो, मोठ्या वंशाला मोठे वतन द्या आणि लहानाला लहान. दुसरा म्हणतो, देश चिठ्ठ्या टाकूनच वाटा. चिठ्ठीला डोकी मोजता येत नाहीत, मग हे जुळायचे कसे? (अहिल्यानगर)

चिठ्ठीने ठरायचे ते ठिकाण आणि डोक्यांवरून ठरायचे ते माप, असे धरले तर दोन्ही हुकूम एकत्र नांदतात. यहोशवा १८ मध्ये कामाचा क्रम दिसतो. शिलो येथे सात वंशांचे वाटे व्हायचे राहिले होते. प्रत्येक वंशातून तीन, म्हणजे २१ माणसे देशभर फिरली. गावांच्या नावांनिशी देशाचे सात भाग करून त्यांनी ते लिहून आणले आणि त्यानंतर चिठ्ठ्या पडल्या. भावाभावांची वाटणी आपल्या गावात अजून अशीच होते: आधी वाटे पाडायचे, मग चिठ्ठ्या काढायच्या.

चिठ्ठी पडल्यावर कडा सरकवता येत होत्या, याचा पुरावाही मजकुरातच आहे. यहूदाचा वाटा त्यांना पुरून उरणारा होता, म्हणून शिमोनाला त्यांच्याच हद्दीत गावे दिली (यहोशवा १९:९). शिमोनाचा आकडाही लहान होता. पहिल्या मोजणीत (गणना १) ५९,३०० असलेले पुरुष दुसऱ्या मोजणीत (गणना २६) २२,२०० उरले, म्हणजे सगळ्या वंशांत सर्वांत कमी. यहूदा ७६,५०० वर होता, सर्वांत जास्त. एकूण बेरीज ६,०१,७३०. हे आकडे वीस वर्षांवरच्या, लढाईला लायक पुरुषांचे आहेत. बायकामुले त्यात नाहीत.

तरी हिशेब सगळीकडे बसत नाही. दानाचे पुरुष ६४,४००, यहूदाच्या खालोखाल, आणि वाट्याला आली डोंगर आणि समुद्र यांच्यामधली चिंचोळी पट्टी. मध्ययुगातल्या यहुदी भाष्यकारांचेही यावर एकमत नव्हते. राशी (१०४०-११०५) म्हणतो, वाटे लोकसंख्येप्रमाणे लहानमोठे होते आणि जमिनीचा कसही धरला होता. रामबान (११९४-१२७०) म्हणतो, वंशांचे वाटे सारखेच होते. लहानमोठे झाले ते वंशाच्या आत, कुळाकुळांत. आम्हाला दुसरे मत मजकुराला अधिक धरून वाटते. योसेफाचे वंशज यहोशवाकडे तक्रार घेऊन गेले ती हीच होती की आम्ही इतके असून आम्हाला एकच चिठ्ठी, एकच वाटा. यहोशवाने चिठ्ठी पुन्हा टाकली नाही. डोंगरावरचे रान तोडून जमीन करा, असे त्याने सांगितले. सपाटीवर बेथ-शान आणि इज्रेलच्या खोऱ्यात कनानी लोकांचे लोखंडी रथ होते, तिथे हात घालणे सोपे नव्हते.

चिठ्ठी प्रत्यक्ष कशी काढली हे बायबल सांगत नाही. तालमुदात, म्हणजे यहुदी धर्मगुरूंच्या जुन्या चर्चासंग्रहात, दोन पात्रांची परंपरा आहे. एका पात्रात वंशांची नावे, दुसऱ्यात हद्दींची वर्णने, आणि दोन्हींतून एकेक चिठ्ठी काढून जोडी लावायची. ही नंतरची आठवण आहे, पण पद्धत म्हणून बिनचूक: कोण आणि कुठे, दोन्ही चिठ्ठीवरच ठरतात.

लेवीला जमीन नाही, तरी वाटे बाराच कसे? (सोलापूर)

योसेफाचे दोन मुलगे, एफ्राईम आणि मनश्शे, दोन वंश म्हणून धरले जातात. देवसेवेला नेमलेला लेवी वंश यादीतून गेला तरी संख्या बारा राहते. यार्देनेच्या पूर्वेला अडीच (रऊबेन, गाद, अर्धा मनश्शे) आणि पश्चिमेला साडेनऊ.

संडे स्कूलच्या मुलांसाठी भिंतीवर बारा वंशांचा नकाशा काढायचा आहे. बायबलच्या शेवटच्या पानांवरचे दोन नकाशे पाहिले. दोघांच्या रेषा वेगळ्या. खरी कोणती धरावी? (पुणे)

रेषा वेगळ्या येतात कारण यहोशवा १३ ते १९ हा एका जातीचा कागद नाही. त्यात दोन प्रकारचे दस्त गुंफले आहेत. पहिला चतुःसीमेचा: हद्द अमुक खुणेपासून निघते, चढते, वळते, उतरते आणि समुद्राला मिळते. दुसरा नुसत्या गावांच्या यादीचा. जर्मन अभ्यासक आल्ब्रेख्त आल्ट याने १९२५ मध्ये मांडले की यहूदाच्या गावांची यादी राजा योशीयाच्या काळातली, म्हणजे इ.स.पू. सातव्या शतकातली सरकारी नोंद असावी. तारखेवर वाद चालू आहेत, पण कागद दोन प्रकारचे आहेत हे सहसा कोणी नाकारत नाही. रंगीत नकाशे हा फरक पुसून सगळीकडे सारखीच ठाम रेषा ओढतात, आणि घोटाळा तिथेच होतो.

सुरुवात यहूदा आणि बन्यामीन यांच्यामधल्या हद्दीपासून करा. ती दोनदा लिहिली आहे. १५:५-९ मध्ये पूर्वेकडून पश्चिमेकडे आणि १८:१५-१९ मध्ये उलट. एक वाचन दुसऱ्याशी पडताळता येते. यार्देन क्षार समुद्राला (मृत समुद्राला) मिळते तिथून निघा. बेथ-होग्ला, अदुम्मीमचा चढ, एन-रोगेलचा झरा (यरुशलेमच्या खालच्या अंगाला, आजची बीर अयूब विहीर), मग हिन्नोमच्या खोऱ्यातून यबूसी नगराच्या (म्हणजे यरुशलेमच्याच) दक्षिण बगलेने वर, नेफ्तोहाचा झरा (आजचे लिफ्ता), किर्याथ-यारीम (अबू घोशजवळ). पुढे यहूदाची हद्द बेथ-शेमेश, तिम्ना, एक्रोन करत समुद्रापर्यंत जाते. एक्रोन कुठे होते याची शंका १९९६ मध्ये मिटली. तेल मिक्ने येथे उत्खननात गावाचे नाव कोरलेला लेख सापडला.

या रेषेत एक गोष्ट हमखास चुकते. हद्द हिन्नोमच्या खोऱ्यातून जाते म्हणजे यरुशलेम रेषेच्या उत्तरेला, बन्यामिनाच्या बाजूला पडते, आणि १८:२८ मध्ये ते बन्यामिनाच्या यादीत आहेही. दावीदाची राजधानी म्हणून ते यहूदाच्या रंगात रंगवू नका.

ज्यांची हद्द लिहिलेलीच नाही त्यांच्याभोवती रेषा ओढू नका. शिमोनाला फक्त गावे आहेत, तीही यहूदाच्या पोटात. त्यांचे ठिपके द्या. दानाची यादीही गावांचीच आहे, आणि इस्साखाराची बहुतेक गावांचीच, हद्दीचा जेमतेम तुकडा. तिथे तुटक रेषा पुरे.

गावे मोजताना मजकुराने दिलेल्या बेरजेवर डोळे झाकून विसंबू नका. १५:३२ मध्ये दक्षिणेची गावे २९ म्हटली आहेत, यादीत नावे तिसाच्या वर भरतात. शिमोनाची १९:६ मध्ये १३ म्हटली आहेत, नावे १४ येतात. बैर-शेबा आणि शेबा हे एकच गाव दोनदा लिहिले गेले असावे.

आणखी एक फसवी जागा म्हणजे बेथलेहेम. यहूदाच्या यादीत ते शोधाल तर सापडणार नाही. १९:१५ मध्ये आहे ते उत्तरेचे, जबुलूनचे. तिथे तारा काढू नका. जुन्या ग्रीक भाषांतरात १५:५९ नंतर ११ गावांचा एक गट जास्तीचा आहे आणि त्यात यहूदाचे बेथलेहेम येते. इब्री प्रतीतून तो गट नकलनवीसाच्या नजरेतून सुटला असावा, कारण प्रत्येक गट 'इतकी नगरे व त्यांची खेडी' अशाच शब्दांनी संपतो. सारख्या शेवटाच्या ओळींत डोळा घसरतो. सातबारा हाताने उतरवणाऱ्या तलाठ्यालाही हे नवीन नव्हते.

सलाफहादाच्या मुलींना वाटा मिळाला तो नेमका किती? (नाशिक)

यहोशवा १७:५ सांगते, यार्देनेच्या पूर्वेचे गिलाद आणि बाशान सोडून मनश्शेला दहा वाटे मिळाले. पश्चिमेकडची कुळे सहा: अबियेजेर, हेलेक, अस्रियेल, शखेम, हेफेर, शमीदा. सलाफहाद हा हेफेराचा मुलगा आणि त्याला मुलगा नव्हता. हेफेराच्या जागी पाच नाती धरल्या, महला, नोआ, होग्ला, मिल्का आणि तिरसा, की उरलेली पाच कुळे अधिक पाच मुली असे दहा होतात. म्हणजे प्रत्येकीचे नाव एका कुळाइतके वजन घेऊन यादीत बसले.

अट मागाहून आली. गणना ३६ मध्ये गिलादाच्या घराण्यातले पुढारी मोशेला म्हणतात, या पोरी परक्या वंशात दिल्या तर जमीन तिकडे जाईल. योबेल वर्षात, म्हणजे दर पन्नासाव्या वर्षी, विकलेली जमीन मूळ मालकाकडे परत येते, वारशाने गेलेली येत नाही. भीती खरी होती. मग ठरले की लग्न आपल्याच वंशात करायचे. पाचही जणींनी चुलत्यांच्या मुलांशी लग्ने केली.

आता यातली खरी मौज. १९१० मध्ये हार्वर्डच्या उत्खननात उत्तरेच्या इस्राएल राज्याची राजधानी शोमरोन येथे खापरांवर शाईने लिहिलेल्या नोंदी निघाल्या, इ.स.पू. आठव्या शतकातल्या: कुठल्या भागातून किती जुना द्राक्षारस, किती तेल आले. त्या भागांच्या नावांत अबियेजेर, हेलेक, अस्रियेल, शखेम, शमीदा आहेत, आणि नोआ व होग्लाही आहेत. दहांपैकी सात नावे सरकारी पावत्यांवर! म्हणून पुष्कळ अभ्यासक म्हणतात की मुलींची नावे मुळात भागांची असतील आणि वंशावळीने त्यांना घराण्यात ओवून घेतले. कथा आधी की नकाशा आधी, हा वाद राहो. नावे जमिनीवर होती हे नक्की.

लेवींच्या नगरांभोवतीचे गायरान गणना ३५:४ मध्ये १,००० हात आहे, पुढच्याच ओळीत २,०००. छपाईची चूक आहे का? (अलिबाग)

छपाईची नाही, इब्रीतच तसे आहे. उलगडे तीन सांगितले जातात. ग्रीक भाषांतर दोन्ही ठिकाणी २,००० म्हणते, पण अवघड जागा गुळगुळीत केल्याचा वास तिथे येतो. राशी म्हणतो, तटाला लागून १,००० हात मोकळे रान आणि त्याबाहेर आणखी १,००० हात शेते व द्राक्षमळे. तिसरा उलगडा असा की २,००० ही चौकोनाच्या बाजूची लांबी: नगर ठिपका मानले तर दोन्हीकडचे हजार-हजार मिळून तेवढी होते.

तिसऱ्याची अडचण लगेच कळते. नगर ५०० हात रुंद असले तर बाजू २,५०० होते आणि आकडा मोडतो. क्षेत्रफळात किती फरक पडतो तेही पाहा. हात ४५ सें.मी. धरून अशा चौकोनी नगराभोवती १,००० हात सोडले तर सुमारे ३०० एकर भरतात. २,००० हात सोडले तर सुमारे १,००० एकर. ४८ नगरे धरली तर हा फरक लहान नाही. आम्ही राशीचा उलगडा धरू. तट सोडून पुढे निघालेल्या माणसाला तो मोजता येतो.

लेवींच्या कुठल्या शाखेच्या वाट्याला किती नगरे आली? अहरोनाच्या वंशजांना, म्हणजे याजकांना, १३, उरलेल्या कहाथींना १०, गेर्षोनींना १३, मरारींना १२. त्यांतली सहा शरणपुरे, म्हणजे चुकून हातून खून झालेल्याला आसरा देणारी नगरे. नगर लेवींचे म्हणजे सगळा शिवार त्यांचा नव्हे. हेब्रोन याजकांना मिळाले, पण त्याची शेते आणि खेडी कालेबाकडेच राहिली (२१:११-१२).

वतन विकता येत होते का? (सावंतवाडी)

जमीन कायमची विकता येत नव्हती, पिके विकता येत होती. लेवीय २५ प्रमाणे भाव योबेलपर्यंत उरलेल्या पिकांवर ठरायचा. समजा योबेलला १४ वर्षे आहेत आणि त्यांत दोन शब्बाथ वर्षे (दर सातवे, शेत पडीक ठेवायचे वर्ष) येतात; मग घेणाऱ्याने बारा पिकांचेच पैसे द्यायचे. मधेच सोडवायची झाली तर घेणाऱ्याने खाल्लेली वर्षे वजा करून बाकी परत करायची. तटबंदी नगरातल्या घराला एकच वर्षाची मुदत, ती टळली की घर गेले. बिनतटाच्या खेड्यातले घर मात्र शेताच्या नियमाने परत येई. लेवींचे घर कधीही सोडवता येई आणि त्यांचे गायरान विकायचेच नाही.

नाबोथाने अहाब राजाला द्राक्षमळा नाकारला तो याच समजुतीवर. राजा बदल्यात चांगला मळा द्यायला किंवा पैसे मोजायला तयार होता, पण वाडवडिलांच्या वतनाला बाजारभाव नसतो.

उलट बाजूचा व्यवहार यिर्मया ३२ मध्ये आहे. बाबेलचा वेढा पडलेला असताना यिर्मयाने चुलतभाऊ हनामेल याच्याकडून अनाथोथचे शेत १७ शेकेलांना घेतले. सोडवण्याचा पहिला हक्क आप्ताचा, म्हणून तो त्याच्याकडे आला होता. रुपे तोलून दिले, साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, खताच्या दोन प्रती केल्या, एक मोहोरबंद आणि एक उघडी, आणि पुष्कळ दिवस टिकाव्यात म्हणून दोन्ही मातीच्या भांड्यात ठेवायला सांगितल्या.