१४५ टक्के

सप्रेम नमस्कार,

आपल्या लिनक्स ड्रायव्हरमध्ये जीपीयू, म्हणजे ग्राफिक्स चिप, किती वेळ कामात असतो ते मोजणारा तुझा पॅच (कोडमधला बदल) काल रात्री जेवणं आटोपल्यावर उघडला. पहिल्यांदा आकडाच डोळ्यांत भरला: रेंडर क्यू (चित्र रंगवण्याच्या जॉबची रांग) १४५ टक्के बिझी. आणि खाली तुझी टीप, “बहुधा राउंडिंगची चूक, १०० वर क्लॅम्प केलं आहे.” तो क्लॅम्प, १०० च्या वर जाऊ न देणारा अडसर, आधी काढ. राउंडिंगमुळे टक्का-दीड टक्का इकडेतिकडे होतो, पंचेचाळीस होत नाही. आकडा काहीतरी सांगायला आला होता आणि तू त्याच्या तोंडाला बोळा लावलास.

काय सांगत होता ते बघू. ड्रायव्हर जॉब हार्डवेअरला देतो त्या क्षणी तू वेळ टिपतेस, आणि संपल्याचा इंटरप्ट, म्हणजे हार्डवेअरची हाक, आली की वजाबाकी करतेस. वरवर बरोबर. पण आपल्या चिपमध्ये एका क्यूला दोन जॉब देऊन ठेवता येतात, एक चालू आणि एक दारात उभा. (आर्मच्या माली जीपीयूच्या पॅनफ्रॉस्ट ड्रायव्हरमध्येही हेच आहे, प्रत्येक स्लॉटला एक चालू आणि एक ‘नेक्स्ट’.) आता धर, पहिला जॉब शून्याला सुरू झाला, १० मिलिसेकंदांनी संपला. दुसरा तू १ मिलिसेकंदाला देऊन ठेवलास. तो खरा सुरू झाला १० ला आणि संपला २० ला. तुझ्या वहीत पहिल्याचे १० आणि दुसऱ्याचे १९. म्हणजे २० मिलिसेकंदांत २९ मिलिसेकंदांचं काम. भागून बघ, १४५ च येतात. दवाखान्यात नंबर लावून बाहेर बसलेल्या पेशंटचा वेळ तू डॉक्टरच्या तपासणीत धरलास.

ढाचा तू व्ही३डीवरून, म्हणजे रास्पबेरी पाय ४ आणि ५ च्या ड्रायव्हरवरून उचलला आहेस असं दिसतं. उचलण्यात गैर काही नाही, आम्ही सगळे तेच करतो. पण तिथे शेड्युलर (जॉबना पाळी देणारा कोड) एका क्यूला एका वेळी एकच जॉब सोडतो, म्हणून ‘दिला तेव्हा सुरू झाला’ हे तिथे खपून जातं. आपल्याकडे नाही खपत. आपल्याकडे दुसऱ्या जॉबची सुरुवात म्हणजे तो दिल्याची वेळ आणि पहिला संपल्याची वेळ, या दोन्हींतली जी उशिराची ती. एका ओळीचा बदल आहे.

मात्र १०० च्या वरचा प्रत्येक आकडा चूक समजू नकोस. व्ही३डीमध्ये बिन (कोणता आकार पडद्याच्या कोणत्या चौकोनात पडतो त्याची वर्गवारी) आणि रेंडर या वेगळ्या क्यू आहेत. मागच्या फ्रेमचं रेंडर चालू असताना पुढच्या फ्रेमचं बिनिंग सुरू होऊ शकतं. दोन्हींची बेरीज १३० आली तर ती खरी आहे. एकाच क्यूचे १३० आले तर मात्र कोड उघडायचा.

दुसरी गोष्ट, ड्रायव्हरने टक्के काढायचेच कशाला? घरचा विजेचा मीटर आठव. तो ‘या महिन्यात इतकी’ असं सांगत नाही, एकूण युनिट दाखवतो. मागच्या महिन्याचं रीडिंग वजा करणं हे बिल काढणाऱ्याचं काम. तू वाचल्यावर काउंटर शून्य करतेस, त्यामुळे एक जण दर सेकंदाला आणि दुसरा दर १०० मिलिसेकंदांनी वाचायला लागला की दोघे एकमेकांच्या ताटातलं खाणार. एकूण नॅनोसेकंद दे, वाढतच जाणारे. आणि शेजारी ते वाचतानाची वेळही दे. व्ही३डीच्या सिसएफएसमधल्या (लिनक्सचा गाभा, म्हणजे कर्नल, आपली माहिती फाइलींसारखी दाखवतो ती जागा) तक्त्यात क्यू, टाइमस्टॅम्प, जॉबची संख्या आणि रनटाइम असे चार रकाने आहेत, त्यातला टाइमस्टॅम्प याचसाठी. वाचणाऱ्या प्रोग्रामला सीपीयूच्या शेड्युलरने मध्येच बाजूला बसवलं तरी भागाकार बिघडत नाही. कोणत्या प्रोसेसने किती वापरलं ते त्या प्रोसेसच्या एफडीइन्फोमध्ये (तिने उघडलेल्या फाइलींच्या माहितीत) इंजिनवार नॅनोसेकंदांतच जातं. एनव्हीटॉपसारखी जीपीयूचा वापर दाखवणारी साधनं तिथूनच उचलतात.

आता जरा सावकाश वाच, कारण इथे मीही घसरलो आहे. वाचताना चालू जॉबचाही वेळ धरायला हवा, नाहीतर दोन सेकंद चालणारा जॉब दोन सेकंद शून्य दाखवून मग एकदम उडी मारेल. म्हणून वाचक काय करतो? एकूण, अधिक आत्ताची वेळ वजा सुरुवात. आणि इंटरप्ट हँडलर (इंटरप्ट आल्यावर चालणारा कोड) काय करतो? एकुणात जॉबचा वेळ मिळवतो, मग सुरुवात शून्य करतो. या दोन पायऱ्यांच्या मधोमध दुसऱ्या कोअरवरचा वाचक आला तर? एकूण होतं ५०० मिलिसेकंद, जॉब १६ चा. हँडलरने ५१६ केले. वाचकाला ५१६ दिसले, सुरुवातही अजून तशीच दिसली, त्याने आणखी १६ मिळवले: ५३२. पुढच्या वाचनाला, नवा जॉब १ मिलिसेकंद चालला असताना, ५१७. मीटर उलटा फिरला! त्यातून कर्नल ३२ बिटचा असेल तर ६४ बिटचा आकडा दोन तुकड्यांत वाचला जातो, ती गंमत वेगळी.

यासाठी सीक्वेन्स काउंटर वापर. लिहिणारा लिहिण्याआधी आणि नंतर काउंटर वाढवतो. वाचकाला मधे बदल दिसला तर तो पुन्हा वाचतो. हँडलरला वाचकांसाठी थांबावं लागत नाही. फक्त लिहिणारे दोन आहेत हे विसरू नकोस, जॉब सुरू करणारा कोड प्रोसेस कॉन्टेक्स्टमध्ये आणि संपवणारा इंटरप्टमध्ये. पहिला अर्धवट लिहीत असताना त्याच किंवा दुसऱ्या कोअरवर दुसरा टपकला तर काउंटरचा अर्थच जातो, तेव्हा लिहिणाऱ्या दोघांना एकच स्पिनलॉक (एका वेळी एकालाच आत सोडणारं कुलूप) लाव आणि तेवढ्यापुरते इंटरप्ट बंद कर. डीआरएमच्या, म्हणजे कर्नलच्या ग्राफिक्स विभागाच्या, नियमांत एक सवलत आहे: एफडीइन्फोतला आकडा थोडा वेळ मागे गेला तरी चालतो, पण वाजवी वेळात त्याने आधीचा मोठा आकडा गाठला पाहिजे, आणि तोवर वाचणाऱ्याने मोठाच धरून बसायचं. ही सवलत हार्डवेअर किंवा फर्मवेअर अडवतं तेव्हासाठी ठेव. आपल्या आळसासाठी वापरू नकोस.

घड्याळ कोणतं, हे तू विचारलं होतंस. लोकल क्लॉक, म्हणजे ज्या त्या सीपीयूचं घड्याळ, स्वस्त आहे, पण कर्नलमध्येच त्यावर ठळक इशारा लिहिलेला आहे: एका सीपीयूची वेळ दुसऱ्याच्या वेळेशी ताडून पाहाल तर काळ मागे जाऊ शकतो. जॉब एका कोअरवर सुरू होणार, इंटरप्ट दुसऱ्यावर येणार. वजाबाकी ऋण आली आणि आकडा चिन्हाविना असला की जीपीयू ५८४ वर्षं बिझी. ज्या चिपवर सगळ्या कोअरना एकच टायमर आहे तिथे हे निभावतं. आपण केटाइम, सगळ्या कोअरना एकच असलेलं कर्नलचं घड्याळ, वापरू, एका जॉबमागे दोनदा वाचून काही बिघडत नाही.

चिपमध्येच सायकल काउंटर आहे, तो का नको, हाही तुझा प्रश्न होता. हवाच, पण त्यातली एक खोच सांगतो. पूर्वी एका बोर्डवर मी असाच रजिस्टर वाचायचा कोड घातला. टेबलावर सगळं छान. मग बोर्ड अधूनमधून ठार गोठायला लागला, तोही कुणी हात लावत नसताना. दोन दिवस आम्ही डिस्प्लेवाल्यांना बोल लावत होतो. शेवटी कुणाच्या तरी लक्षात आलं की गोठतो तेव्हा घड्याळ नेहमी मिनिटाच्या सुरुवातीला असतं. दर मिनिटाला चालणारी एक स्क्रिप्ट माझी फाइल वाचत होती. जीपीयू झोपलेला, त्याची वीज तोडलेली, आणि मी त्याचं रजिस्टर मागतोय. बस उत्तराची वाट बघत तिथेच अडकली. तेव्हा आधी रनटाइम पीएमला (कर्नलमधल्या वीज सांभाळणाऱ्या भागाला) विचार, जीपीयू जागा आहे का. जागा नसेल तर शेवटचा साठवलेला आकडा दे. मोजण्यासाठी त्याला उठवू तर मुळीच नकोस, नाहीतर मोजणारा प्रोग्रामच बॅटरी खाईल. पॅनफ्रॉस्टने सायकल मोजणी चालू-बंद करायला वेगळी खिट्टी ठेवली आहे, तीही वीज वाचवण्यासाठीच.

काउंटर ३२ बिटचा असेल तर तो किती वेळात फिरून शून्यावर येतो ते कागदावर काढ. १९.२ मेगाहर्ट्झला साधारण २२४ सेकंद, पावणेचार मिनिटं. इंटेलच्या आय९१५ ड्रायव्हरमध्ये गक (GuC) हे जीपीयूतच चालणारं फर्मवेअर अशाच ३२ बिट घड्याळावर वेळ नोंदवतं, म्हणून ड्रायव्हर त्या मुदतीच्या आठव्या हिस्स्याने एक वर्कर उठवून वरचे बिट सांभाळतो.

आणि बिझी म्हणजे काम नव्हे, हे वापरणाऱ्यांसाठी डॉक्युमेंटेशनमध्ये लिही. रिक्षा सिग्नलला उभी असली तरी मीटर पडतच असतो. शेडर (जीपीयूवर चालणारा छोटा प्रोग्राम) मेमरीची वाट बघत उभा असला तरी आपल्या हिशेबात तो बिझी. २०० मेगाहर्ट्झवरचे ६० टक्के आणि ८०० वरचे ६० टक्के हेही एक नाहीत. डेव्हफ्रेकचा, म्हणजे कर्नलमधल्या फ्रीक्वेन्सी ठरवणाऱ्या भागाचा, साधा गव्हर्नर मात्र एवढ्यावरच चालतो, मुळात ९० टक्क्यांच्या वर गेलं की थेट कमाल फ्रीक्वेन्सी. तुझे १४५ त्याच्या हातात पडले असते तर पंखा थांबलाच नसता.

रीसेटचा रस्ता तू पूर्ण सोडला आहेस. जॉब अडकला, टाइमआउट झाला, जीपीयू रीसेट केला, तर त्या जॉबचा इंटरप्ट येणारच नाही. मीटर चालूच राहील. टाइमआउट हँडलरमध्ये तो बंद कर.

पुढचा पॅच पाठवण्याआधी इतकं करून बघ. काहीच न चालवता दहा मिनिटं सोड, आकडा हलता कामा नये. एकच कॉम्प्युट लूप दुप्पट लांबीचा चालव, वेळ जवळपास दुप्पट यायला हवी. अगदी बारके जॉब घेतलेस तर इंटरप्ट पोचायला लागणारा वेळ त्यात मिसळेल, तेव्हा निदान काही मिलिसेकंदांचे घे. दोन प्रोग्राम एकदम चालव आणि त्यांची बेरीज एकूण आकड्याशी जुळते का बघ. मग त्यातला एक प्रोग्राम, त्याचा जॉब चालू असतानाच, मारून टाक. शेवटी मुद्दाम अनंत लूपचा शेडर देऊन रीसेट घडव. हा शेवटचा प्रयोग रात्री लावून घरी जाऊ नकोस, लॅबमधल्या त्या बोर्डचा रीसेट सगळ्या वेळी परत येत नाही आणि सकाळी त्याच्यावर दुसऱ्यांचं काम असतं.

आकडे पॅचखालीच जोड. शुक्रवारी दुपारनंतर मी मोकळा आहे.