मॉरिशसच्या पाँप्लमूस बागेला किती वेळ द्यावा, आणि तिथली समाधी कोणाची?

तुम्ही लिहिलंय की आई-वडिलांना घेऊन मॉरिशसला जाताय, वडिलांचे गुडघे दुखतात, आणि टूरवाल्यांनी पाँप्लमूसच्या बागेसाठी पाऊण तास ठेवलाय. तेवढ्यात बाग बघून होते का, आणि आत ज्या समाधीचा उल्लेख सापडतो ती कोणाची, असे तुमचे दोन प्रश्न.

पाऊण तासात बाग होत नाही. अख्खी दुपार द्या. आणि त्याच दिवशीची सकाळ राजधानी पोर्ट लुईमधल्या आप्रवासी घाटाला, म्हणजे हिंदुस्थानातून आलेले मजूर उतरायचे त्या धक्क्याला द्या, कारण ती समाधी घाट बघितल्याशिवाय नीट कळत नाही. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतोय.

पहिल्यांदा गेलो तेव्हा मीही टूरबरोबरच होतो. फाटकातून आत, थेट कमळांचा तलाव, फोटो, परत बस. समाधी कुणी दाखवली नाही आणि ती तिथे आहे हे मलाही माहीत नव्हतं. घरी आल्यावर वाचलं आणि फार वाईट वाटलं. म्हणून दोन वर्षांनी पुन्हा योग आला तेव्हा पहिल्याच दिवशी एकटा निघालो. सकाळी घाट, मग साधी बस पकडून पाँप्लमूस. पोर्ट लुईपासून अंतर जेमतेम अकरा किलोमीटर.

आधी घाटाबद्दल. इंग्रजांच्या साम्राज्यात गुलामगिरी बंद झाली, पण ऊस तर तोडायलाच हवा होता. म्हणून १८३४ पासून हिंदुस्थानातून करारावर मजूर न्यायला सुरुवात झाली, आणि पुढच्या काही दशकांत जवळजवळ पाच लाख माणसं या बेटावर उतरली. बोटी कलकत्ता आणि मद्रासहून सुटत, तशा आपल्या मुंबईहूनही सुटत. त्यात कोकणातली, साताऱ्या-कोल्हापूरकडची माणसं होती. त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवून घेतात, झाकरी नाचतात, आणि गणेश चतुर्थीला सगळ्या देशाला सुट्टी असते. उतरलेल्या माणसांना ठेवायचा डेपो १८४९ पासून या घाटावर होता. बंदराकडून वर येणाऱ्या सोळा दगडी पायऱ्या अजून आहेत. २००६ साली युनेस्कोने ही जागा जागतिक वारसा म्हणून जाहीर केली. जागा लहान आहे, तासाभरात बघून होते. पायऱ्यांपाशी मात्र थोडं थांबा. पायात चप्पल नाही, काखेत बोचकं, पुढे काय आहे ते ठाऊक नाही, अशी माणसं याच दगडांवरून चढली. मी खाली वाकून एका पायरीवर हात ठेवला होता. कड झिजून गुळगुळीत झालीय.

आता बाग. पाँप्लमूस म्हणजे फ्रेंचमध्ये पपनस. दोन्ही शब्द एकामागोमाग म्हणून बघा, नातं कानालाच कळतं. इंग्रजांच्या आधी बेट फ्रेंचांकडे होतं, आणि १७३५ साली त्यांचा गव्हर्नर म्हणून आलेल्या माहे द लाबुर्दोने याने इथे आपली इस्टेट केली. तिचं नाव 'मों प्लेझीर'. तेव्हा इथे घरासाठी आणि बंदरात येणाऱ्या जहाजांसाठी भाजीपाला पिकायचा. बाग म्हणून तिला खरं रूप दिलं ते पिएर प्वाव्र याने. १७६७ साली तो बेटाचा कारभारी होऊन आला. फ्रेंचमध्ये 'प्वाव्र' म्हणजे मिरी, आणि या माणसाचं आयुष्य खरंच मसाल्यांच्या मागे गेलं. लवंग आणि जायफळ तेव्हा डचांच्या मुठीत होतं. बाहेर कुठे रुजू नये म्हणून ते जायफळं चुन्यात बुडवून मगच विकायचे. प्वाव्रने आताच्या इंडोनेशियातल्या मोलुक्का बेटांकडे माणसं पाठवून रोपं आणि बिया चोरून आणवल्या आणि या मातीत लावल्या. पुढे १७७५ पासून सेरे नावाच्या माणसाने ती वाढवली आणि इतर बेटांनाही दिली. लवंगेचं झाड आफ्रिकेकडच्या बेटांवर पसरलं ते इकडूनच. आपल्या मसाल्याच्या डब्यात आज झांझिबारची लवंग असेल, तर तिचा रस्ता इथून गेलाय.

फाटकावर वाटाडे मिळतात. पैसे आधी ठरवा, पण वाटाड्या घ्याच, कारण बऱ्याच झाडांवर पाट्या नाहीत किंवा असल्या तरी वाचता येत नाहीत. मला भेटलेले काका साठीचे होते. मी महाराष्ट्रातला म्हटल्यावर त्यांनी क्रियोल, म्हणजे तिथली रोजची बोली, सोडून सावकाश, शाळेत शिकलेल्या मराठीत बोलायला सुरुवात केली. प्रत्येक वाक्य आधी मनात जुळवून मग बोलायचे. त्यांनी एक पान चुरगळून माझ्या तळहातावर ठेवलं आणि म्हणाले, "हे कोणते, सांगा." दालचिनी. मग दुसरं पान, कापूर. तिसऱ्याला मी चुकलो. वास लवंगेचा, जायफळाचा आणि दालचिनीचा एकदमच येत होता. ते ऑलस्पाइसचं झाड. वडिलांना हा खेळ नक्की आवडेल, आणि त्यासाठी फार चालावंही लागत नाही.

कमळांचा तलाव सगळ्यांना माहीत असतो, पण त्याच्या काठावर वाकून बघणारे कमी. ती व्हिक्टोरिया अमेझोनिका, दक्षिण अमेरिकेतली. पानं म्हणजे आपल्या लग्नकार्यातल्या पितळी पराती पाण्यावर मांडून ठेवाव्यात तशी, कड उभी वळलेली. एखादं पान काठाशी उलटलेलं दिसलं तर खालची बाजू बघा. तांबूस, जाड शिरांचं जाळं आणि त्यावर बोटात घुसतील असे काटे. त्या शिरांमध्ये हवा असते, म्हणून एवढं मोठं पान तरंगतं. वरून गुळगुळीत हिरवं आणि खालून असं, यावर विश्वास बसत नाही.

ताडामाडांचे प्रकार इतके आहेत की थोड्या वेळाने सगळे सारखेच वाटू लागतात. ते बहुतेक डंकन नावाच्या इंग्रज अमदानीतल्या प्रमुखाने १८४९ नंतर आणलेले, त्याआधी बरीच वर्षं बागेकडे कुणी बघत नव्हतं. एकच चुकवू नका, तालिपोट, म्हणजे श्रीताड. ज्याच्या पानांवर दक्षिणेत पोथ्या लिहिल्या जायच्या तोच. तीस ते ऐंशी वर्षं नुसता वाढतो, मग एकदाच डोक्यावर प्रचंड फुलोरा येतो, फळं धरतात आणि झाड मरतं. मी गेलो तेव्हा एक वाळून उभा होता. काका त्याच्या बुंध्याला हात लावून म्हणाले, "मी मुलगा होतो तेव्हा हा पण होता."

समाधी 'मों प्लेझीर'च्या वाड्यासमोर आहे. आता दिसतो तो वाडा लाबुर्दोनेचा नाही, इंग्रजांच्या काळातला आहे. त्याच्यासमोर उघड्यावर, साधी समाधी. सर शिवसागर रामगुलाम, तिथल्या लोकांचे चाचा रामगुलाम, यांची. बिहारमधून करारावर आलेल्या मजुराचा हा मुलगा. जन्म १९०० चा. लंडनला जाऊन डॉक्टर झाले, परत येऊन राजकारणात पडले, १२ मार्च १९६८ ला देश स्वतंत्र झाला तेव्हा पहिले पंतप्रधान झाले आणि शेवटी गव्हर्नर जनरल. डिसेंबर १९८५ मध्ये गेले तेव्हा याच बागेत त्यांना अग्नी दिला, आणि १९८८ साली बागेलाही त्यांचं नाव दिलं. बागेत बैलांनी फिरवायच्या जुन्या उसाच्या चरकाची प्रतिकृती आहे, आपल्या गुऱ्हाळासारखी. ती आणि समाधी एकाच फेरीत बघा. सकाळी त्या सोळा पायऱ्या बघितलेल्या असतील, तर गव्हर्नरांच्या इस्टेटीच्या अंगणात उसाच्या मजुराच्या मुलाची समाधी असणं म्हणजे काय, हे मला वेगळं सांगावं लागणार नाही. मी तिथे बराच वेळ उभा होतो. काका चप्पल काढून बाजूला थांबले होते. त्यांचं आडनाव 'जी'ने संपत होतं. पणजोबांचं गाव कोणतं ते त्यांना माहीत नव्हतं, मुंबईहून बोटीत चढले एवढंच घरात सांगत आले होते. मोका इथल्या महात्मा गांधी संस्थेत मजुरांच्या जुन्या नोंदवह्या जपल्या आहेत, तिथे शोध घ्यायचा त्यांच्या मनात होतं.

जवळच, बड्या नेत्यांनी लावलेली झाडं आहेत. इंदिरा गांधींचं आहे, नेल्सन मंडेलांचंही. आईंना दाखवा.

गुडघ्यांबद्दल: बाग सपाट आहे, रस्ते रुंद आहेत, सावली भरपूर. पण पसारा सदतीस हेक्टरांच्या आसपास, म्हणजे सगळी फिरायच्या भानगडीत पडू नका. वाटाड्याला सुरुवातीलाच सांगा की तलाव, मसाल्याची झाडं, तालिपोट आणि समाधी एवढंच हवंय. घाटाच्या पायऱ्या वडिलांना चढायच्या नाहीत, नुसत्या बघायच्या आहेत. डासांचं मलम, छत्री आणि पाण्याची बाटली घ्या. जेवण म्हणून वाटेतल्या गाडीवर ढोलपुरी खा. वाटाण्याच्या डाळीचं पुरण भरलेली मऊ पोळी, गोड नाही, आत भाजी आणि चटणी. जोडीनेच देतात. आईंना पुरणपोळी येत असेल तर दोन मिनिटांत कृती ओळखतील.

आणि दुपारी जा असं म्हणतोय त्याला आणखी एक कारण आहे. तलावातलं ते कमळ दिवस कलताना उमलू लागतं. पहिल्या संध्याकाळी पांढरं असतं, त्याला वास असतो. दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं आणि मग पाण्याखाली जातं. बाग बंद व्हायच्या आधीचा शेवटचा अर्धा तास तलावाच्या काठी ठेवा आणि पांढरी कळी शोधा.