वाचकांचे प्रश्न, डॉक्टरांची उत्तरे : चंद्रपूरची हवा आणि घरातले आजार

प्रश्न : आम्ही चंद्रपूरजवळ दुर्गापूर येथे राहतो. गच्चीवर आणि वाळत घातलेल्या कपड्यांवर रोज काळी भुकटी बसते. माझ्या सहा वर्षांच्या मुलाचा खोकला दिवाळीपासून होळीपर्यंत हटत नाही. सासरे निर्व्यसनी असूनही मागील हिवाळ्यात त्यांना हृदयविकाराचा झटका आला. ‘इथल्या हवेची सवय होऊन जाते’, असे शेजारी म्हणतात. या आजारांचा हवेशी संबंध असेल का? आम्ही काय करावे?
– एक वाचक, दुर्गापूर

उत्तर : ताई, धुराच्या वासाची सवय नाकाला होते; फुप्फुसांना आणि रक्तवाहिन्यांना ती कधीच होत नाही, हे आधी ठामपणे सांगतो. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने 2009 साली देशातील 88 औद्योगिक पट्ट्यांची पाहणी केली, तेव्हा 83.88 गुणांसह चंद्रपूर चौथ्या क्रमांकाचे प्रदूषित ठरले होते. 2,920 मेगावॉटचे औष्णिक वीज केंद्र, कोळशाच्या खाणी, सिमेंटचे कारखाने आणि कोळसा वाहणारे ट्रक यांच्या सान्निध्यात आपण राहता.

गच्चीवरची भुकटी डोळ्यांना दिसते, म्हणून तिची भीती वाटते. पण ती बरीचशी जाड असते आणि नाक-घशात अडकते. खरा धोका 2.5 मायक्रॉनहून लहान कणांचा, म्हणजे केसाच्या जाडीच्या सुमारे तिसाव्या भागाएवढ्या किंवा त्याहूनही बारीक कणांचा आहे. हे कण फुप्फुसांतील वायुकोशांपर्यंत पोहोचतात, त्यांतील अतिसूक्ष्म कण रक्तातही उतरतात, रक्तवाहिन्यांना सूज आणतात आणि रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढवतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2019 च्या अंदाजानुसार बाहेरच्या हवेच्या प्रदूषणामुळे होणाऱ्या अकाली मृत्यूंपैकी सुमारे 68 टक्के मृत्यू हृदयविकार व पक्षाघाताचे असतात. एका रुग्णाचा झटका केवळ हवेमुळे आला, असे कोणत्याही तपासणीने सिद्ध करता येत नाही. तरीही सासऱ्यांच्या रक्तदाब, मधुमेह आणि कोलेस्टेरॉलच्या जोडीला हवा हाही जोखमीचा घटक आहे, असे त्यांच्या डॉक्टरांना आवर्जून सांगावे.

मुलाची काळजी मला अधिक वाटते. लहान मूल वजनाच्या मानाने मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेते आणि त्याची फुप्फुसे पौगंडावस्था संपेपर्यंत वाढत असतात. दरवर्षी महिनोन्‌महिने टिकणारा खोकला हा निव्वळ सर्दीचा नसतो, त्यामागे बालदमा असू शकतो. म्हणून खोकल्याच्या औषधाच्या बाटल्या बदलत न बसता बालरोगतज्ज्ञांकडून स्पायरोमेट्री, म्हणजे श्वासाच्या क्षमतेची तपासणी करून घ्यावी. इनहेलर सुचवला गेल्यास घाबरू नये, त्याचे व्यसन लागत नाही. अमेरिकेत दक्षिण कॅलिफोर्नियातील मुलांच्या दीर्घ अभ्यासात हवा स्वच्छ होत गेली तशी मुलांच्या फुप्फुसांची वाढ सुधारल्याचे दिसले आहे. हवा सुधारली तर आपल्याकडची मुलेही सावरतील, असे मी म्हणतो ते याच आधारावर.

हिवाळ्यात पहाटे जमिनीलगतची थंड हवा वर जात नाही आणि धूर खालीच कोंडतो. त्यामुळे सासऱ्यांनी पहाटेचे फिरणे ऊन चढल्यावर करावे, घराच्या खिडक्याही दुपारी उघडाव्यात. केर ओल्या फडक्याने पुसावा; डासांची कॉइल आणि उदबत्त्या बंद ठेवाव्यात. तोंडाला बांधलेला रुमाल बारीक कण अडवत नाही, त्यासाठी चेहऱ्याला घट्ट बसणारा एन-95 मास्कच लागतो, आणि हृदयरुग्णाने तो डॉक्टरांना विचारून वापरावा.

हे उपाय मात्र तुटपुंजे आहेत, कारण राख आणि धूर ज्या चिमणीतून येतो तिथेच तो अडवायला हवा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या ‘समीर’ या मोबाइल अ‍ॅपवर चंद्रपूरच्या हवेची मोजणी रोज दिसते. मुलाचा खोकला वाढलेल्या दिवसांपुढे त्या दिवशीचा हवेच्या गुणवत्तेचा निर्देशांक वहीत लिहून ठेवावा. ही नोंद डॉक्टरांना उपयोगी पडेल आणि शेजाऱ्यांना सोबत घेऊन प्रदूषण नियंत्रण मंडळाकडे लेखी तक्रार करताना तिची प्रत जोडता येईल.