वाचकांचे प्रश्न : एका दिवसाची भटकंती आणि कॅमेरा

प्रश्न : पहाटे पुण्याहून निघून रात्री परत यायचे, एवढाच रविवार माझ्या हाती असतो. कॅमेऱ्याबरोबर मिळालेली १८-५५ आणि नंतर घेतलेली ७०-३०० अशा दोन लेन्स माझ्याकडे आहेत. नाणेघाट आणि जीवधन यांची छायाचित्रे मात्र प्रत्यक्षात दिसते त्यापेक्षा नेहमी फिकट, दुधाळ येतात. पोलरायझर, म्हणजे लेन्सच्या पुढे लावून फिरवायचा चकाकी कमी करणारा फिल्टर, घेतल्यास फरक पडेल का?
– एक वाचक, चिंचवड

उत्तर : थोडा पडेल, पण तो विकत घेण्याआधी आपण तिथे कोणत्या महिन्यात आणि किती वाजता पोहोचता, हे आठवून पाहावे. उन्हाळा जवळ आला की भातशेतीसाठी राब भाजले जातात, डोंगरउतारांवर वणवे लागतात, त्यांच्या धुरात धूळ मिसळते, आणि या सगळ्याचा जो पडदा दरीवर पसरतो तो कोणत्याही फिल्टरने पुरता हटत नाही. पावसाने हवा धुऊन निघाल्यानंतरचे, म्हणजे सप्टेंबरअखेरीपासून साधारण नोव्हेंबरच्या मध्यापर्यंतचे दिवस दूरच्या दृश्यांसाठी सर्वांत चांगले. आदल्या संध्याकाळी एखादी सर येऊन गेली असेल, तर दुसऱ्या दिवशी घाटमाथ्यावरून खालची घरेसुद्धा वेगवेगळी ओळखता येतात.

याहून महत्त्वाचा मुद्दा दिशेचा आहे. नाणेघाटाचा कडा पश्चिमेकडे तोंड करून उभा आहे. सूर्य आपल्या पाठीमागून उगवतो, त्यामुळे सकाळी बराच वेळ पायथ्याचे कोकण खुद्द सह्याद्रीच्याच सावलीत असते. बहुतेक मंडळी नेमक्या त्याच वेळी तिकडे कॅमेरा रोखतात आणि निराश होतात. तेवढ्या वेळात घाटाशेजारच्या ‘नानाचा अंगठा’ या कड्यावर उभे राहून जीवधन किल्ल्याकडे वळावे. ऊन डावीकडून तिरपे येत असल्यामुळे कातळातली प्रत्येक घळ सावलीने रेखली जाते आणि शेजारचा वानरलिंगी सुळका डोंगराच्या अंगापासून सुटा दिसतो. कोकणाकडे वळायचे ते नऊच्या सुमारास, ऊन खालच्या शेतांवर उतरल्यावर. दुपार कलली की सूर्य समोर येतो आणि पुन्हा तोच दुधाळपणा सुरू होतो. पहाटे चारला निघणाऱ्याच्या वाट्याला हे सारे येते. सहाला निघून वाटेत मिसळीसाठी थांबणाऱ्याच्या वाट्याला मिसळ येते. मीही अनेकदा दुसऱ्या गटात असतो.

पोलरायझरबद्दल सांगायचे तर तो सूर्याशी काटकोनात असलेल्या आकाशावर सर्वाधिक परिणाम करतो. अंगठा आणि तर्जनी काटकोनात धरून तर्जनी सूर्याकडे रोखावी आणि मनगट फिरवावे. अंगठा जिथे जिथे वळेल त्या दिशांना निळाई गडद होईल. मात्र १८ मिलिमीटरवर, म्हणजे सर्वांत रुंद दृश्य घेताना, आकाश एका बाजूला काळेनिळे आणि दुसऱ्या बाजूला पांढुरके असे ओबडधोबड येते. माझ्या मते त्याचा खरा उपयोग आकाशापेक्षा ओल्या पानांवरची आणि कातळावरची चकाकी घालवण्यासाठी आहे.

प्रश्न : भीमाशंकरला शेकरू दिसले, पण एकही छायाचित्र धड आले नाही. काही हललेली आली, तर उरलेल्यांत फक्त काळी आकृती दिसते. कॅमेरा बदलावा का?
– एक वाचक, नारायणगाव

उत्तर : कॅमेरा बदलू नये. शेकरू झाडांच्या शेंड्यांवर वावरते, आपण खाली अंधाऱ्या रानात उभे असतो आणि चौकटीचा मोठा भाग पानांमधून दिसणाऱ्या पांढऱ्या आकाशाने व्यापलेला असतो. कॅमेरा त्या आकाशाचा प्रकाश मोजतो आणि आपला तांबूस-तपकिरी प्राणी काळा करून टाकतो. एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (छायाचित्र उजळ किंवा गडद करण्याची कॅमेऱ्यातली सोय) एक ते दीड स्टॉप वर न्यावे (एक स्टॉप म्हणजे दुप्पट प्रकाश), आकाश पांढरे पडले तरी पडू द्यावे. त्याहून चांगला उपाय म्हणजे वाट चढावर जिथे वळते तिथे थांबणे, कारण तिथून खालच्या झाडांचे शेंडे आपल्या डोळ्यांच्या पातळीवर येतात आणि पाठीमागे आकाशाऐवजी समोरच्या उताराची हिरवाई मिळते.

हललेल्या छायाचित्रांचे कारण शटरचा वेग हे असणार. आपल्याकडे ३०० मिलिमीटरची लेन्स असेल, तर वेग १/५०० च्या खाली आणू नये आणि त्यासाठी आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची प्रकाशाला असलेली संवेदनशीलता, १६०० किंवा ३२०० पर्यंत गेला तरी घाबरू नये; दाणेदार छायाचित्र सुधारता येते, हललेले सुधारता येत नाही. एकदा संपूर्ण सकाळ मी पोलरायझर काढायला विसरून याच रानात फिरलो. त्या काचेने जवळजवळ दोन स्टॉप प्रकाश खाल्ला आणि घरी आल्यावर १/६० ने टिपलेल्या साठ-सत्तर तांबड्या रेघा पाहत बसलो.

शेकरू उडी मारताना टिपण्याचा हट्टही काही दिवस सोडावा. ते मागच्या पायांनी फांदी धरून, पुढच्या पायांत फळ घेऊन खात बसते, तेव्हा कित्येक मिनिटे जागचे हलत नाही. म्हणून फळांनी लगडलेले उंबर किंवा जांभूळ शोधावे आणि सकाळी लवकर तिथेच बसून राहावे; भर दुपारी ते बहुधा विश्रांती घेते.

प्रश्न : ६०० मिलिमीटरची लेन्स नसेल, तर वन्यजीवांचे छायाचित्रण करण्यात अर्थ आहे का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : आपण साताऱ्यात राहून हे विचारता, याचे आश्चर्य वाटते. ठोसेघरच्या पुढे चाळकेवाडीच्या पठारावर एप्रिलच्या उत्तरार्धापासून पहिल्या पावसापर्यंत सरड्यांचे नर दगडांवर चढून गळ्याखालचा निळा, काळा आणि नारिंगी पंखा उघडझाप करत उभे असतात. २०१६ मध्ये या सरड्यांसाठी नवी प्रजाती (जीनस, म्हणजे जवळच्या जातींचा गट) मांडली गेली आणि तिचे शास्त्रीय नाव आपल्या मराठी शब्दावरूनच ‘सरडा’ असे ठेवले गेले. चाळकेवाडीची जात म्हणजे ‘सरडा सुपर्बा’. आपण पोटावर झोपून शांत राहिलात, तर ३०० मिलिमीटरची लेन्स त्यांच्यासाठी पुरते. लेन्स त्यांच्या डोळ्यांच्या पातळीवर हवी, म्हणून तिपाईऐवजी जुन्या जीन्सच्या पायाची पिशवी शिवून तीत तांदूळ भरावेत आणि ती जमिनीवर ठेवून तिच्यावर लेन्स टेकवावी. दहानंतर तापलेल्या कातळावरची हवा थरथरू लागते आणि दूरचे काहीही नीट फोकस होत नाही; तिथे ६०० मिलिमीटरची लेन्सही हतबल ठरते. त्यानंतर १८-५५ लावावी आणि सरडा लहान, पठार मोठे अशी चौकट घ्यावी. पवनचक्क्या त्यात येतात म्हणून नाक मुरडू नये, तो प्राणी राहतो तो त्यांच्यातच.

प्रश्न : घाटातल्या झुडपात बुलबुलाचे घरटे सापडले आहे. समोरच्या दोन फांद्या बाजूला केल्या, तर पिल्ले स्पष्ट दिसतील. तसे करावे का?
– एक वाचक, भोर

उत्तर : करू नये. त्या फांद्या पिल्लांना उन्हापासून आणि कावळ्यांच्या नजरेपासून झाकतात, आणि आपण जवळ उभे असेपर्यंत चारा घेऊन आलेले आई-वडील घरट्यावर उतरत नाहीत. रस्त्याच्या पलीकडे गाडीत बसावे, काच खाली करावी आणि चोचीत किडा धरून तारेवर थांबलेल्या बुलबुलाचे छायाचित्र घ्यावे.