संगणक तापतोय? आधी आकडा बघा

प्रश्न : घर वेंगुर्ल्यात, समुद्रालगत. जुना डेस्कटॉप दुपारी अर्ध्या तासात आपोआप बंद पडतो. ब्लोअर मारून धूळ काढली, फरक नाही. नवा पंखा घ्यावा का?

उत्तर : एवढ्यात नको. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसरचं तापमान दिसत नाही, त्यासाठी ‘कोअर टेम्प’ किंवा ‘एचडब्ल्यूइन्फो’ हा मोफत प्रोग्रॅम टाका. रिकामा असताना ४०-५० अंश आणि भरपूर कामात ८०च्या आसपास, इथवर चिंता नाही. शंभरीजवळ गेलं की प्रोसेसर आधी वेग उतरवतो, तेवढ्यानं भागलं नाही तर बंद पडतो. पण ६०-७० वरच बंद पडत असेल, तर प्रोसेसरला सोडा आणि एसएमपीएस, म्हणजे संगणकाला वीज पुरवणारा डबा, तपासून घ्या.

आकडा वर जात असेल, तर बहुधा ब्लोअर पुरा पडलेला नाही. खाऱ्या, दमट हवेत धूळ चिकट होते. पंख्याच्या खाली, हीटसिंकच्या (प्रोसेसरची उष्णता ओढून घेणाऱ्या धातूच्या ठोकळ्याच्या) पट्ट्यांवर तिचा नमद्यासारखा थर बसतो आणि पंखा सोडवल्याशिवाय तो दिसतही नाही. वायर काढा, पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, पंखा सोडवा, रंगकामाच्या कोरड्या ब्रशनं थर मोकळा करा आणि मगच ब्लोअर. तेव्हा पातं बोटानं धरा, भरधाव फिरलं तर बेअरिंग जातं.

हीटसिंक काढलाच, तर प्रोसेसर आणि हीटसिंकमधली उष्णता वाहून नेणारी जुनी पेस्ट आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसून वाटाण्याएवढी नवी लावा. सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. एएमडीचा प्रोसेसर वाळलेल्या पेस्टमुळे हीटसिंकला चिकटून सॉकेटमधून उपटून येऊ शकतो; म्हणून आधी दहा मिनिटं संगणक चालवा, बंद करून हीटसिंक हलकेच डावी-उजवीकडे फिरवत सोडवा. इंटेलच्या साध्या कूलरला चार खुंट्या असतात. एक जरी नीट बसली नाही, तरी तापमान मिनिटभरात नव्वदी गाठतं.

प्रश्न : झाकण काढून टेबलफॅन लावला तर?

उत्तर : तपासणीपुरता लावा. आकडा दहा अंशांनी उतरला, तर कॅबिनेटचा श्वास कोंडलाय. टेबलाच्या खणातून बाहेर काढा, मागे वीतभर जागा सोडा. कायमचा मात्र नको. खारी हवा थेट बोर्डावर येते, मुंग्या शिरतात आणि एखादी पाल एसएमपीएसमध्ये शिरली, की दुरुस्तीवाला गाठावाच लागतो. पावसाळ्यात वापर नसला तरी रोज तासभर संगणक चालू ठेवा, ओल धरत नाही. प्लास्टिकचं कव्हर तो पूर्ण थंड झाल्यावरच घाला.