स्पर्धेच्या संकेतस्थळावर नोंदणी करताना दिलेल्या माहितीचे पुढे काय होते?

धावण्याच्या स्पर्धेच्या ऑनलाइन अर्जात जन्मतारीख, रक्तगट आणि घरच्यांचा फोन नंबर कशासाठी मागतात, असे आपण विचारले आहे. जन्मतारखेवरून वयोगट ठरतो, तर उरलेले दोन तपशील वैद्यकीय पथकाच्या उपयोगाचे असतात. ही मागणी रास्तच आहे. खरे लक्ष पुढे द्यावे लागते. आपले नाव, बिब क्रमांक (शर्यतीत छातीवर लावायचा क्रमांक) आणि वेळ हे वेळमापन करणाऱ्या कंपनीकडून निकालाच्या जाहीर यादीत येतात, सर्च इंजिनमुळे वर्षानुवर्षे कोणालाही सापडू शकतात, आणि शर्यतीतील छायाचित्रेही बिब क्रमांकावरूनच आपल्या नावाशी जोडली जातात. प्रायोजकांच्या जाहिरातींसाठीची संमती अर्जात स्पर्धेच्या नियमांच्या संमतीतच मिसळलेली असेल, तर ते मला सरळसरळ गैर वाटते. युरोपीय संघात २०१८ पासून लागू असलेल्या जीडीपीआर या वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाच्या नियमावलीनुसार आधीच खूण केलेला चौकोन संमती मानला जात नाही, आणि आरोग्याच्या माहितीला विशेष संरक्षण आहे. त्यामुळे अर्ज भरताना जाहिरातींचा चौकोन रिकामा ठेवावा, आणि स्पर्धा संपल्यावर वैद्यकीय तपशील काढून टाकण्याची विनंती आयोजकांना लेखी करावी.