पुढे सरका, पुढे जागा आहे

"शाळेत तोंडातून शब्द फुटत नाही आणि घरी खुर्च्या मांडून एकटाच तासन् तास बडबडतो. याचं पुढे कसं व्हायचं?" साडेचार वर्षांच्या मुलाची आई विचारत होती. व्यक्तिमत्त्व विकासाचा क्लास लावू का, हेही तिला विचारायचं होतं.

आधी तपासायचं ते तपासलं. ऐकू नीट येतं, नजरेला नजर देतो, बाईंनी जवळ घेऊन विचारलं तर हळू का होईना, उत्तर देतो. (घरी भरभरून बोलणारं मूल शाळेचा पहिला महिना सरल्यानंतरही महिनाभर तिथे अवाक्षर काढत नसेल, तर मात्र वाट पाहू नका, तज्ज्ञांना दाखवा.)

मग मी त्याला माझ्या खोलीतल्या चार खुर्च्या दिल्या. त्याने एसटी केली. स्वतः कंडक्टर. "पुढे सरका, पुढे जागा आहे!" हा आवाज त्याचाच, यावर आईचा विश्वास बसेना. सगळ्यांची तिकिटं झाल्याशिवाय त्याने डबल बेल दिली नाही, आणि खुर्ची रिकामी असूनही तो बसला नाही. एरवी दोन मिनिटं धीर न धरणारं हे वय! रशियन मानसशास्त्रज्ञ वायगॉट्स्की यांनी १९३३ मध्ये सांगितलं होतं, की खेळात मूल स्वतःपेक्षा डोकंभर उंच होतं. भूमिकेचे नियम ते आपणहून पाळतं, म्हणून.

तेवढ्यात आई म्हणाली, "अरे, ड्रायव्हर उजवीकडे बसतो ना? आणि पाच अधिक पाच किती?" एसटी तिथेच बंद पडली. तो आईला जाऊन चिकटला.

ती माउली चुकीच्या हेतूने बोलली नव्हती. आपण सगळेच भातुकलीतल्या चहाचीसुद्धा परीक्षा घेतो. मी तिला म्हटलं, क्लास राहू द्या. रोज वीस मिनिटं तुम्ही नुसत्या प्रवासी व्हा. शिकवू नका, सुधारू नका, शाबासकीही नको. कुठे जायचं ते तोच ठरवेल. आणि घरी पाच मुलं बोलवू नका, एकच बोलवा, जमल्यास त्याच्याहून थोडं लहान.

तीन आठवड्यांनी बाबा सोबत आले. त्यांनी सांगितलेला प्रसंग मला फार मोलाचा वाटला. शेजारची साडेतीन वर्षांची मुलगी कंडक्टर व्हायचं म्हणून रडायला लागली. याने थोडा वेळ तिकिटं घट्ट धरून ठेवली. मग म्हणाला, "बरं, तू कंडक्टर. मी ड्रायव्हर. पण बेल मला ऐकू येईल अशी मार हं."

आई अजून काळजीत होती. स्नेहसंमेलनात तो कविता म्हणायला उभा राहिलाच नाही.

"मग काय करत होता?"

"मागे मुलांची रांग लावत होता. म्हणे, गाडी सुटायची आहे."

मी क्लासचा विषय पुन्हा काढला नाही. आईनेही नाही.